तिसरी-चौथीच्या मुलांना रुमालांचं जगलिंग : दोन रुमालांवर गाडी अडते, काय करावं?

परळची_बाई

नमस्कार मंडळी. परळच्या एका मराठी शाळेत तिसरी-चौथीचा खेळाचा तास माझ्याकडे आहे. मुलं ३२, तास ३५ मिनिटांचा. पावसाळ्यात मैदान बंद, त्यामुळे दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्येच जे काय ते. जुलै-ऑगस्टमध्ये रुमालांचं जगलिंग, म्हणजे दोन-तीन रुमाल आलटून पालटून उडवणं-झेलणं, घ्यायचं ठरवलंय. एक रुमाल उडवणं-झेलणं सगळ्यांना येतं. दोन आले की निम्मी मुलं दोन्ही एकदम उडवतात, उरलेली एक उडवून दुसरा हातातून हातात सरकवतात. तिसरा रुमाल तर अजून लांबच.

सध्या मुलांचे सुती हातरुमाल वापरतोय. पंखे चालू ठेवले तर रुमाल भरकटतात, बंद केले तर मुलं घामाने निथळतात.

विचारायचंय ते असं : कापड कोणतं आणि किती घ्यावं? दोनवरून तीनवर नेण्याचा क्रम काय? आणि रुमालांची सवय पुढे चेंडूंच्या आड येते का?

---

खेळतास

बाई, सुती हातरुमाल आजच बाजूला ठेवा. तो भसकन खाली येतो. रुमालाने शिकवायचं ते मुलाला विचार करायला वेळ मिळावा म्हणून, आणि सुती कापड नेमका तोच वेळ खातं. तुमच्या अडचणीचं अर्धं मूळ तिथे आहे. कापडाचं इथले जाणकार सांगतीलच, मी हाताचं सांगतो.

धरायचं कसं : रुमालाचा मध्य अंगठा आणि पहिल्या दोन बोटांच्या चिमटीत. चारही कोपरे खाली लोंबकळतात. तळहात जमिनीकडे. मुठीत धरू देऊ नका. मुठीतला रुमाल सोडायला पाचही बोटं उघडावी लागतात, आणि घामट बोटांना तो चिकटून उशिरा सुटतो. चिमटीतला लगेच सुटतो.

फेकायचं कसं : उजवा हात उजव्या कमरेपाशी. तिथून तो छातीसमोरून तिरका चढतो आणि डाव्या खांद्याच्या वर, डोक्यापेक्षा वीतभर उंच जातो. हात पूर्ण लांब झाला की चिमूट सोडायची. त्या क्षणी तळहात समोर असतो, गाडी सुटताना खिडकीतून ‘टाटा’ करतो तसा. मुलं हे खांद्यातून करण्याऐवजी मनगटाच्या झटक्याने करतात. झटक्याने रुमाल पुढे जातो आणि मूल त्याच्यामागे पळतं. असं मूल भिंतीकडे तोंड करून, भिंतीपासून दीड हातावर उभं करा. रुमाल भिंतीला लागला की चूक त्याची त्यालाच दिसते, तुम्हाला बोलावं लागत नाही.

झेलायचं कसं : वरून खाली, मांजर पंजा मारतं तसं, आणि कमरेच्या उंचीवर. इथे सागरगोटे खेळणाऱ्या मुलामुलींकडे लक्ष ठेवा. त्यांचा तळहात आपोआप वर वळतो. सागरगोटा तसाच झेलायचा असतो, पण रुमाल वर वळलेल्या तळहातावर नुसता पसरतो, धरला जात नाही. दुसरं म्हणजे मुलं घाईने छातीपाशीच रुमाल हिसकतात. जेवढा खाली येऊ द्याल तेवढा पुढच्या फेकीला अवकाश. झेलताना मध्यच हाती येईल असं नाही. जिथे सापडला तिथे चिमटीत धरून पुढे चालायचं, नीट करत बसलं की ताल तुटतो.

आता तुमचा खरा प्रश्न, दोन रुमाल.

दोन्ही एकदम का उडतात? दुसरा कधी सोडायचा याची खूण मुलाकडे नसते म्हणून. ‘थोडं थांब’ ही खूण नव्हे. रुमाल फेकीच्या टोकाला, म्हणजे सगळ्यात वर, पोचला की क्षणभर थांबतो आणि छत्रीसारखा उघडतो. ते उघडणं डोळ्यांना दिसतं. म्हणून सूचना एकच : पहिला उघडला की दुसरा निघतो.

हातातून हातात का सरकतो? पहिला रुमाल डाव्या बाजूला येतोय आणि डावा हात भरलेला आहे. तो रिकामा करायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे हातातलं उजव्या हाताला देऊन टाकणं. मूल आळशीपणा करत नाही, झेलायच्या काळजीने करतं. तेव्हा झेलणंच बंद करा. पहिली दहा मिनिटं दोन्ही रुमाल फेकायचे आणि जमिनीवर पडू द्यायचे. हात लावायचा नाही. मग खाली बघायचं : उजव्या हातातला रुमाल डाव्या पायाशी आणि डाव्यातला उजव्या पायाशी पडला असला पाहिजे. दोन्ही एकाच बाजूला पडले तर दुसरी फेक तिरकी गेली नाही. पायाशी पडलेले दोन रंग तुमच्या दहा वाक्यांचं काम करतात.

तसं ओळीने पाच-सहा वेळा जमलं की झेल जोडा. तोंडाने म्हणायचं ‘वर, वर, पकड, पकड’, लेझमीच्या चार ठोक्यांसारखं, सगळ्यांनी एका सुरात. ‘वर, पकड, वर, पकड’ ऐकू आलं की समजा रुमाल हातातून हातात चाललाय. एकदा उजव्याने सुरुवात, एकदा डाव्याने, आलटून पालटून. डाव्याने सुरुवात टाळू दिलीत तर तिसऱ्या रुमालाला ती उणीव बाहेर पडतेच.

---

शिवण_लालबाग

कापडाचं मी सांगते.

हवं ते शिफॉन. जॉर्जेट चालतं, पण जड असतं, लवकर खाली येतं. ऑर्गन्झा ताठ राहतो, मुठीत मावत नाही, म्हणजे तीन रुमालांच्या वेळी एका हातात दोन धरता येत नाहीत. नेट नखांत, बांगडीत, घड्याळाच्या पट्ट्यात अडकतं. साटन फार सुळसुळीत.

दुकानात पारखायची रीत : टोकाचा तुकडा डोक्याच्या उंचीवर मधोमध धरून सोडा आणि ‘एक हजार एक’ म्हणा. तेवढ्यात जमिनीला टेकला तर नको. चेंडू दीड मीटरवरून जेमतेम अर्ध्या सेकंदात खाली येतो, कापड त्याच्या दुप्पट तरी वेळ तरंगायला हवं.

माप : शिफॉनचा पन्हा (कापडाची रुंदी) बहुतेक ४४ इंच, म्हणजे ११२ सेंटीमीटर. पन्ह्याचे दोन भाग केले की ५६ सेंटीमीटरचा चौकोन मिळतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला हे माप बरोबर बसतं, मध्यावर धरला तर कोपरा सुमारे ४० सेंटीमीटर खाली लोंबतो. मोठ्यांसाठी ६५ सेंटीमीटरचा करतात, पण तो लहान मुलाच्या गुडघ्यात येतो.

विकत घ्यायचं तर हिंदमाता किंवा मंगलदास मार्केट. पण बाई, त्याआधी पालकांकडे जुन्या शिफॉनच्या साड्या मागून बघा. साडेपाच मीटरच्या साडीत ५६ सेंटीमीटरच्या नऊ पट्ट्या, प्रत्येक पट्टीत दोन, असे १८ रुमाल निघतात. तीन रंगांच्या तीन साड्या म्हणजे ५४. जरीचा काठ, टिकल्या, भरतकाम असेल तर तेवढा भाग कापून टाका, चौकोन थोडा लहान झाला तरी चालेल. एका कडेला वजन राहिलं की रुमाल सरळ न उतरता तिरका गिरक्या घेत येतो आणि मूल उगाच स्वतःला दोष देतं.

कडेला पिको करून घ्या, बारीक दोऱ्याचा. दुमडून शिवलेली कड जड होते. मेणबत्तीवर कडा वितळवायचा सोपा उपाय काही जण सांगतात. त्याने कडेला टणक गुठळ्या होतात, बोटांना टोचतात. नकोच.

रंग भडक आणि एकमेकांपासून वेगळे : पिवळा, राणी, हिरवा. आकाशी आणि पांढरा हॉलच्या भिंतीत मिसळून जातात. आणि परदेशी पद्धतीत किराण्याच्या पातळ प्लॅस्टिक पिशव्यांनी सराव करायला सांगतात, तो आपल्याकडे विषयच नाही. महाराष्ट्रात २०१८ पासून तशा पिशव्यांवर बंदी आहे.

धुताना हाताने, साध्या पाण्यात, पिळायचं नाही. पावसाळ्यात कपाटात दमट राहिलेला रुमाल जड होतो आणि बोटांना चिकटतो. तासाच्या आधी दोरीवर पसरून ठेवा.

---

परळची_बाई

@शिवण_लालबाग ताई, साडीचा हिशेब फारच कामाचा. पण ३२ मुलांना प्रत्येकी तीन म्हणजे ९६ लागतील ना?

---

खेळतास

नाही बाई, ४८ पुरतात. जोड्या लावा : १६ जोड्या, प्रत्येकीला तीन रुमाल. एकाने करायचं, दुसऱ्याने समोर उभं राहून रुमाल उघडला की ‘सोड’ म्हणायचं. पाच फेऱ्यांनी अदलाबदल. ‘सोड’ म्हणणारं मूल सुद्धा शिकत असतं, टोक ओळखायची नजर त्यातूनच तयार होते. शिवाय एकावेळी १६ मुलंच हात हलवतात. प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी हात पसरता येईल एवढी जागा लागते, ती ३२ जणांना एकदम देता येत नाही.

पंख्यांचं : पंख्याखाली वारा सरळ खाली दाबतो आणि जमिनीलगत भिंतीकडे पसरतो. रुमाल लवकर उतरतो, शिवाय बाजूलाही सरकतो. त्यामुळे सहा-सात मिनिटं पंखे बंद ठेवून सराव, मग मुलं खाली बसवून पंखे चालू. बसलेल्या वेळात सूचना द्या, पाणी पिऊ द्या. ३५ मिनिटांत अशा तीन फेऱ्या आरामात होतात, आणि नवशिक्याची एकाग्रता त्याहून जास्त टिकतही नाही. जुलैत वारा पश्चिमेकडून येतो, तेव्हा त्या बाजूच्या खिडक्या लावून घ्या. हात पुसायला तुमचे सुती हातरुमाल आहेतच, आता ते त्यांच्या खऱ्या कामाला लागतील.

आता तीन रुमाल.

उजव्या हातात दोन. एक करंगळी आणि अनामिकेने तळहाताशी दाबून धरायचा, दुसरा नेहमीसारखा चिमटीत. डाव्या हातात एक, चिमटीत. सुरुवात नेहमी दोनवाल्या हाताने, चिमटीतल्या रुमालाने. डावखुऱ्या मुलाने दोन डाव्यात घ्यायचे आणि खालचं सगळं उलट वाचायचं.

पिवळा उजवीकडून डावीकडे वर. तो उघडला की राणी डावीकडून उजवीकडे. राणी उघडला की हिरवा उजवीकडून डावीकडे. आणि थांबायचं. तीन फेका, तीन झेल, बस. मूल शिकतं ते इथे, पुढे चालू ठेवण्याच्या हट्टात नाही. बरोबर झालं का ते ओळखायची खूण : सुरुवातीला उजव्यात दोन होते, शेवटी डाव्यात दोन दिसले पाहिजेत.

मधल्या टप्प्यात ठरलेली चूक म्हणजे तिसरा रुमाल हातातच राहणं. मूल दोन फेकतं, दोन झेलतं आणि तिसऱ्याला घट्ट धरून उभं राहतं. धाक झेलायचाच असतो, म्हणून पुन्हा तेच औषध : तिन्ही फेकायचे, तिन्ही पडू द्यायचे. दोन डाव्या पायाशी, एक उजव्या पायाशी. तोंडाने रंग म्हणायचे, ‘पिवळा, राणी, हिरवा’. आकडे म्हटले तर मूल आकड्यांच्या लयीत हात घाईने मारतं. रंग म्हणायचा तर त्याला त्या रुमालाकडे बघावंच लागतं.

दुसरी चूक, एकाच हाताने सलग दोनदा फेकणं. उजव्यातला एक गेला की पाठोपाठ उजव्यातलाच दुसरा. त्या मुलाला उजवा-डावा असं न सांगता ‘आता एकटा रुमाल’ असं सांगा. एकट्या रुमालाचा हात कोणता हे त्याला लगेच कळतं.

तीन नीट झाले की चार, मग पाच, मग सहा. सहाला थांबलं की प्रत्येक रुमाल ज्या हातातून निघाला त्याच हातात परत आलेला असतो. पिवळा-हिरवा उजव्यात, राणी डाव्यात. सहा फेका बिनचूक म्हणजे मुलाला तीन रुमालांचं जगलिंग आलं असं मी धरतो, त्यापुढचं केवळ दम आणि सराव.

---

तीन_चेंडू_गिरगाव

रुमालाने नेमका किती वेळ मिळतो याचा हिशेब मांडता येतो. माहिती सिद्धांताचा (इन्फर्मेशन थिअरी) पाया घालणारे क्लॉड शॅनन यांनी जगलिंगचं एक समीकरण दिलं आहे. वस्तू हवेत असण्याचा आणि हातात असण्याचा वेळ मिळवा, त्याला हातांच्या संख्येने गुणा. हात रिकामा आणि हात भरलेला असण्याचा वेळ मिळवा, त्याला वस्तूंच्या संख्येने गुणा. ही दोन्ही उत्तरं सारखीच येतात.

उदाहरणादाखल आकडे धरू. चेंडू ०.६ सेकंद हवेत, ०.३ सेकंद हातात. तीन चेंडू, दोन हात. प्रत्येक हाताला दर ०.६ सेकंदाला फेकावं लागतं, म्हणजे दोन हात मिळून दर ०.३ सेकंदाला एक फेक. आता रुमाल १.४ सेकंद हवेत आणि ०.४ सेकंद हातात धरा. प्रत्येक हाताची फेक दर १.२ सेकंदाला, दोन्ही मिळून ०.६ सेकंदाला एक. वेळ बरोबर दुप्पट. आठ वर्षांच्या मुलाला ‘आता कोणता हात’ हे ठरवायला एवढीच उसंत पुरते. फेक बुटकी झाली किंवा झेल छातीपाशी घेतला तर हवेतला वेळ कमी होतो आणि हा सगळा फायदा गेला.

चेंडूंच्या आड येतं का? थोडं येतं, आणि ते आधीच माहीत असलेलं बरं. रुमालातून चेंडूकडे जातात त्या गोष्टी : क्रम, आलटून पालटून हात, तिरकी फेक, टोकाकडे नजर. जात नाही ती हाताची ठेवण. चेंडूला तळहात वर, फेक कोपराच्या उंचीवरून, टोक डोळ्यांच्या जरा वर. फक्त रुमालांवर महिनोन् महिने राहिलेला मुलगा चेंडूलाही वरून पंजा मारतो. म्हणून सहा फेका आल्या की रुमालांवर रेंगाळू नका.

पुढची पायरी टप्पा घेणाऱ्या चेंडूंची ठेवू नका, पडले की हॉलभर पळतात. ज्वारी किंवा बाजरी भरलेल्या कापडी पिशव्या करा, प्रत्येकी ११० ते १३० ग्रॅम, मुलाच्या मुठीत मावतील एवढ्या. गच्च भरू नका, थोडी ढिली राहिली की हातात बसते आणि पडली तिथेच थांबते. पावसाळ्यात धान्याला किडे होतात, ते आधी कढईत कोरडं भाजून गार करून भरा.

माझं मत असं की बारा वर्षांवरच्या मुलांना रुमालांची गरजच नाही, थेट पिशव्या द्याव्यात.

---

हात_आणि_ताल

वयाच्या त्या मर्यादेशी मी सहमत नाही. वय बघू नका, दोन हात शरीराच्या मध्यरेषेपलीकडे सहज जातात का ते बघा. फुगडीसाठी हातांची कात्री करायला सांगा. जे मूल गोंधळतं, अख्खं अंग वळवतं, त्याला बाराव्या वर्षीही रुमालच हवेत. साठीच्या आजी-आजोबांनाही तेच, कारण चेंडू पडला की वाकून उचलावा लागतो, रुमाल टीपॉयवर किंवा खांद्यावर तरी अडकतो.

सुरक्षेबद्दल इथे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. गुळगुळीत लादीवर पडलेला शिफॉनचा रुमाल म्हणजे घसरगुंडी. मोजे घातलेलं मूल त्यावर पाय ठेवून मागे पडतं, डोकं आपटतं. अनवाणी करा, किंवा रबरी तळाचे बूट. खाली पडलेला रुमाल उचलल्याशिवाय पाऊल हलवायचं नाही हा नियम पहिल्याच दिवशी. ‘पडू द्या’चा सराव करून घेताना तर हा नियम दुप्पट महत्त्वाचा. गळ्याला बांधायचा नाही, तोंडावर घ्यायचा नाही. तास संपला की मोजून पिशवीत.

---

डोंबिवली_पालक

जगलिंगने मेंदू वाढतो म्हणतात, ते रुमालांनाही लागू आहे का?

---

हात_आणि_ताल

ज्या अभ्यासावरून हे बोललं जातं तो २००४ साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत आला होता. त्यात प्रौढ माणसं होती आणि तीन चेंडू होते. तीन महिन्यांच्या सरावानंतर मेंदूच्या हालचाल टिपणाऱ्या भागात करडं द्रव्य वाढलेलं दिसलं, आणि सराव सोडल्यावर ती वाढ पुन्हा कमी झाली. त्यावरून आठ वर्षांच्या मुलांबद्दल आणि रुमालांबद्दल काही सांगता येत नाही. पालकांना तसं आश्वासन देऊ नका. नजर, ताल आणि दोन हातांचा मेळ हे समोर दिसतंच, तेवढं पुरेसं आहे.

---

परळची_बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. साड्यांची चिठ्ठी आजच पालकांना देते. एक शेवटचं. वर्गात एका मुलीचा डावा हात फारसा उचलला जात नाही. तिला नुसतं ‘सोड’ म्हणायला बसवायची माझी तयारी नाही.

---

हात_आणि_ताल

बसवूही नका. दोघींना खांद्याला खांदा लावून शेजारी उभं करा, तोंड एकाच दिशेला. ही मुलगी उजव्या बाजूला, मैत्रीण डाव्या. ही फक्त उजवा हात वापरेल, मैत्रीण फक्त डावा. मैत्रिणीने आपला मोकळा हात पाठीमागे ठेवायचा, हिचा डावा हात जसा आरामात राहील तसा. दोघी मिळून एकच माणूस. हिच्या हातात दोन, मैत्रिणीच्या हातात एक, सुरुवात हिने करायची. फेक मैत्रिणीच्या बाहेरच्या खांद्याकडे न्यायची, नाहीतर रुमाल दोघींच्या मध्ये पडतो. रंगांची हाक, उघडल्यावर सोडणं, सहाला थांबणं, सगळं तसंच.

आधी वर्गातल्या सगळ्या जोड्यांना हे असंच करायला लावा, दोन हातांचं नंतर. पहिल्यांदा करताना सगळ्यांनाच एकेका हाताची काळजी घ्यायची असल्याने ते सोपं जातं, आणि ती मुलगी वेगळी पडत नाही.

---

खेळतास

याला पुस्ती : जोडीत दोघींची उंची सारखी बघा. वीतभर फरक असला तर उंच मुलीची फेक बुटकीच्या डोक्यावरून मागे जाते. फरक असलाच तर उंच मुलीला गुडघ्यांवर उभं करा.